मी तेव्हाच पाहिलं होतं

जगात शोध लावणाऱ्यांपेक्षा 'हे मला आधीच ठाऊक होतं' असं सांगणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते. एखादा गवई नावारूपाला आला, की त्याच्या पहिल्या मैफलीला सतरंज्या अंथरणारी माणसं आळीआळीतून निघू लागतात. एकाच गवयाच्या पहिल्या मैफलीचे असे चौदा सतरंजीवाले मला स्वतःला भेटले आहेत. एवढ्या सतरंज्या अंथरल्यावर त्या दिवाणखान्यात गवयाला बसायला जागा कुठे उरली असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. चित्रकारांचं तर विचारूच नका. हुसेनसाहेबांबरोबर इराण्याकडे चहा प्यायलेली जेवढी माणसं मला भेटली, तेवढे चहा ते खरोखरच प्यायले असते, तर त्यांना ब्रश हातात धरायला सवड मिळाली नसती.

मीही या सतरंजीवाल्यांच्या पंथातलाच. परवापर्यंत होतो, असं म्हणू. परवा माझ्या नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही तरुणपणी नवीन आर्टिस्ट कसे डिस्कव्हर करायचात?" तिच्या हातात फोन होता. त्या फोनची एक गंमत आहे. एक गाणं संपलं, की तो आपणहून सुचवतो, 'हे आवडलं ना? मग हेही आवडेल.' आमच्या वेळी हे काम फक्त साडीच्या दुकानातले गुमास्ते करत.

मी छाती पुढे काढून म्हणालो, "अगं, नोकरीची छत्तीस वर्षं मी काळ्या घोड्यापासून पाच मिनिटांवर काढली. एका बाजूला जहांगीर आर्ट गॅलरी, समोर रिदम हाउस. सगळी नवी चित्रं नि सगळं नवं संगीत माझ्या डब्याच्या सुट्टीत यायचं!"

"मग कोणाला डिस्कव्हर केलंत?"

या प्रश्नाला उत्तर म्हणून मी चष्मा पुसायला घेतला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं थोडं सविस्तर उत्तर आहे.

आधी घोड्याविषयी. १८७९ साली अल्बर्ट ससून यांनी मुंबईला एक पुतळा भेट दिला. घोड्यावर बसलेले प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड. आता गंमत पाहा. पुतळा राजाचा, पण मुंबईकरांनी चौकाला नाव दिलं ते घोड्याचं. हा मला या शहराने केलेला पहिला कलाविषयक अभिप्राय वाटतो. १९६५ साली तो पुतळा तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवला. मी १९७० साली नोकरीला लागलो, तेव्हा काळ्या घोड्याला घोडा नव्हता. तरी सगळे 'काळ्या घोड्यापाशी भेटू' म्हणत आणि भेटत. जे दिसत नाही ते आहे असं धरून चालायची सवय त्या चौकाला तेव्हापासूनच असावी, आणि नव्या कलेला लागते तीच सवय.

ही सवय मोडून पाहणारी माणसं तिथे माझ्या आधी वीस-पंचवीस वर्षं येऊन गेली होती. १९४७ साली मुंबईत सहा जणांनी मिळून एक गट काढला, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. आज ही सहा नावं आपण आरतीसारखी म्हणतो: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. पण त्या वेळी यांची स्थळं घेऊन कोणी मुलीच्या बापाकडे गेलं असतं, तर त्याने दार लावून घेतलं असतं. सूझा गोव्याचा, १९४५ मध्ये जे. जे.तून काढून टाकलेला. हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवून, मग खेळण्यांची नि फर्निचरची डिझाइनं करून पोट भरणारा. आरा लहानपणी घरातून पळून मुंबईला आलेला; लोकांच्या घरी नोकर म्हणून राबला होता, मोटारी धूत होता. यांचं पहिलं प्रदर्शन १९४९ साली भरलं ते रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जागेत, म्हणजे घोड्याच्या शेपटीच्या अंतरावर.

यांना आधी पाहिलं कोणी? खरोखर आधी? इथे आमच्या सतरंजीवाल्यांची पंचाईत होते, कारण ती यादी फार लहान आहे. त्यात हिटलरच्या तावडीतून सुटून मुंबईत आलेले तिघे आहेत. एक वॉल्टर लँगहॅमर, 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलेचं खातं सांभाळणारे. त्यांच्या घरी ही पोरं जमत, चित्रं दाखवत, वाद घालत. दुसरे रूडी फॉन लायडन. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, पोटासाठी जाहिरातींत, आणि वर्तमानपत्रात चित्रांवर लिहीत. मोटारी धुणाऱ्या आराच्या हातातला गुण ज्यांनी हेरला, ते हेच. तिसरे इमॅन्युएल श्लेसिंगर. धंदा औषधांचा, पण पैसे चित्रांत घालणारे. ज्यांचं स्वतःचं घर मोडलं होतं, त्यांनी या बिनघरच्या चित्रांना भिंती दिल्या.

आणि चौथा माणूस मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तो दुकानदार होता. केकू गांधी. एका बेल्जियन गृहस्थाशी ओळख झाली आणि त्यातून १९४१ साली त्यांनी तसबिरींच्या चौकटी करायचा धंदा सुरू केला. नाव 'केमोल्ड', म्हणजे 'केमिकल मोल्डिंग'. या नावात काव्याचा कणही नाही. कोणाला वाटेल, झुरळं मारायचं औषध असेल. पण चौकटीच्या दुकानात रिकाम्या चौकटी किती दिवस टांगणार? गांधींनी त्यात या नव्या पोरांची चित्रं लावायला सुरुवात केली. गिऱ्हाईक यायचं आजोबांच्या फोटोला चौकट घ्यायला आणि त्याला भेटायचा हुसेन. चौकटीबाहेरच्या चित्रकारांना पहिली जागा मिळाली ती चौकटीच्या दुकानात. पुढे १९६३ साली गांधींनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर स्वतःची गॅलरी काढली. पण माझं मन त्या आधीच्या दुकानापाशीच घोटाळतं. कलेची सेवा करीन अशी कसलीही प्रतिज्ञा न करता एका माणसाने आपल्या दुकानातली भिंत मोकळी करून दिली, आणि एवढं पुरलं.

जहांगीर आर्ट गॅलरी उघडली १९५२ साली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ ती बांधून दिली. तिथे १९५४ मध्ये अकबर पदमसी या सव्वीस वर्षांच्या चित्रकाराने प्रदर्शन भरवलं, आणि पोलिसांनी येऊन दोन चित्रं अश्लील म्हणून काढायला सांगितलं. त्याने नाही काढली. अटक झाली, खटला झाला, आणि तो निर्दोष सुटला. त्या प्रदर्शनात सर्वांत बारकाईने चित्रं पाहणारे प्रेक्षक हे पोलीसच असावेत, असा माझा कयास आहे. पण विनोद सोडा. सव्विसाव्या वर्षी 'नाही काढत' असं म्हणायला काय लागत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कारण माझ्या सव्विसाव्या वर्षी मला याच्या शंभरावा हिस्सा काहीतरी म्हणायचं होतं, आणि मी ते म्हणालो नाही.

ती गोष्ट आता सांगतो. १९७४ सालची. डबा खाऊन मी जहांगीरमध्ये शिरायचा. कलेसाठी नव्हे, आत प्रवेश फुकट होता नि सावली होती. अशा प्रदर्शनात दाराशी एक टेबल असतं, त्यावर अभिप्रायाची वही असते, आणि वहीमागे स्वतः चित्रकार बसलेला असतो. ही रचना ज्याने काढली तो माणूस क्रूर असला पाहिजे. लेखकाचं पुस्तक तुम्ही घरी पडल्यापडल्या मिटून टाकू शकता. लेखक काही उशाशी बसलेला नसतो. इथे प्रत्येक चित्रापुढे तुम्ही किती सेकंद थांबलात, हे तो मोजत असतो.

त्या दिवशी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता नि आत मी एकटाच होतो. एका चित्राशी मी थांबलो. सगळं चित्र गडद निळं, आणि अगदी खाली कोपऱ्यात एक पिवळा ठिपका. दुसरं काही नाही. मी पुढे गेलो नि परत आलो. कारण तो ठिपका मला ओळखीचा होता. रात्री पावणेएकला प्लॅटफॉर्मच्या टोकाशी उभं राहून, आता गाडी येतेय की बाकावर रात्र काढावी लागतेय, अशा विचारात असताना दूर अंधारात जो पहिला दिवा दिसतो, तो हा होता. चित्राचं नाव वाचलं, 'शेवटची लोकल'. माझ्या अंगावर काटा आला. हे माझं कोणीतरी पाहिलं होतं!

किंमत होती सव्वाशे रुपये. बोनस झाला होता, पैसे खिशात होते. मी ऑफिसात परत येऊन हेडक्लार्कना सल्ला विचारला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पेपरात नाव आलंय का? नाही. कोण्या मोठ्या माणसाने चित्र घेतलंय का? नाही. एवढ्यात टेरिलीनच्या दोन पँटी होतात हे तुम्हाला ठाऊक आहे का? आहे. संध्याकाळी मी पुन्हा गेलो. तो चित्रं उतरवत होता. माझ्याच वयाचा, शर्टाची कॉलर उसवलेली. म्हणाला, "दुपारी तुम्ही बराच वेळ उभे होतात. काय वाटलं?" मी वही ओढली आणि तिच्यात लिहिलं, 'प्रयत्न स्तुत्य आहे.' खाली सही केली. ऑफिसात करतो तशी, दोन रेघांची.

त्याने ते वाचलं आणि "थँक यू" म्हणाला.

आता वाचकहो, अशा गोष्टीचा शेवट ठरलेला असतो. तो चित्रकार पुढे जगप्रसिद्ध होतो आणि सव्वाशेचं चित्र कोटींना जातं. असं होतंही. जहांगीरच्या कट्ट्यांवर वावरलेल्या गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात तेवीस कोटी सत्तर लाखांना गेलं, आणि त्या दिवशी मुंबईत किमान हजार माणसांनी 'मी तेव्हाच पाहिलं होतं' असं म्हटलं असेल. पण माझ्या गोष्टीचा शेवट तसा नाही. त्या चित्रकाराचं नाव मी पुन्हा कधीच ऐकलं नाही. पेपरात नाही, भिंतीवर नाही. पँटी दोन वर्षांत विरल्या. तो मोठा झाला असता तर मी निदान हळहळलो असतो, चारचौघांत सांगायला एक किस्सा झाला असता. तो मोठा झाला नाही, आणि कधी कधी वाटतं, त्यात त्या स्तुत्य प्रयत्नाचाही थोडा हात असेल. 'मला आवडलं' ही दोनच अक्षरसमूहांची मालमत्ता माझ्याकडे होती. ती मी त्याला दिली नाही, कारण कोणीतरी आधी म्हणायची मी वाट पाहत होतो.

संगीतातही माझी हीच तऱ्हा. रिदम हाउसमध्ये त्या काळी रेकॉर्ड ऐकायला काचेच्या लहान खोल्या होत्या. आत उभं राहून ऐकावं, आवडली तर घ्यावी. मी शेकडो वेळा ऐकली आणि क्वचित घेतली. विक्रेत्यांनी मला कधी हाकललं नाही, हा त्यांचा मोठेपणा. १९७० आणि ७१ साली एका सिगारेट कंपनीने देशभरच्या नव्या बँडांच्या स्पर्धा घेतल्या, आणि निवडक गाण्यांच्या रेकॉर्डी काढल्या, 'सिमला बीट' नावाच्या. मद्रासची पोरं, कलकत्त्याची पोरं, शिलाँगची पोरं, गिटारींचा नुसता कल्लोळ. सिगारेटीने देशाच्या फुप्फुसांचं काय केलं ते सर्वश्रुत आहे, पण त्या पोरांच्या गळ्यांची नोंद तिच्यामुळेच राहिली. पुढे परदेशातल्या शौकिनांनी त्या तबकड्या हुडकून काढल्या, त्या नव्याने छापल्या गेल्या. मी त्यातली एक हातात धरली होती, पाय ठेका धरत होता, आणि मी विकत घेतली ती भावगीतांची. घरी नेल्यावर काचेआडच्या त्या ठेक्याचा खुलासा करावा लागला नसता.

मग कॅसेट आली आणि गाणं छापायला मोठ्या कंपनीची गरज उरली नाही. १९८४ मध्ये गोव्यात रेमो फर्नांडिस या गृहस्थाने शिवोलीच्या आपल्या घरातच एक आख्खी कॅसेट तयार केली, 'गोवन क्रेझी'. वाद्यं स्वतः वाजवली, स्वतः गायला, आणि कॅसेटी स्कूटरवर टाकून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. हा माणूस आमच्या जे. जे.त वास्तुशास्त्र शिकलेला. ऑफिसातल्या एका म्हापशाच्या सहकाऱ्याने ती कॅसेट ऐकवली, तेव्हा मी म्हणालो, "हौस दिसते." बघा, 'स्तुत्य'नंतर दहा वर्षांत माझी प्रगती 'हौस'पर्यंत झाली होती.

पण खरी फजिती पुढेच आहे. नव्या संगीतासाठी मी चर्चगेटकडे धावत होतो, तेव्हा आमच्या चाळीमागच्या वस्तीत दर एप्रिलमध्ये कर्ण्यावर गाणी लागत. मी खिडकी लावून घेई. ती भीमगीतं होती. वामनदादा कर्डकांसारख्या माणसाने हजारो गाणी रचली, गावोगाव हिंडून गायली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या खड्या आवाजांनी ती रस्त्यारस्त्यांवर नेली. लहान लहान कंपन्या कॅसेटी काढत, त्या जत्रेत नि एस.टी. स्टँडवर विकल्या जात. नातीच्या भाषेत ज्याला 'इंडी' म्हणतात, म्हणजे कोणाच्याही दरबारी न जाता आपलं गाणं आपण करायचं नि आपल्या माणसांपर्यंत आपण पोचवायचं, ते माझ्या खिडकीपासून चाळीस पावलांवर चाललं होतं. कोलंबसाने अमेरिका शोधली, तेव्हा तिथे माणसं राहत होतीच. मी कोलंबसापेक्षाही थोर. मी किनाऱ्याला लागलो आणि खिडकी लावून घेतली.

जहांगीरमधलं 'समोवार' २०१५ मध्ये बंद झालं, रिदम हाउस २०१६ मध्ये. चहाच्या एका कपावर दोन तास बसू देणारी आणि न घेता ऐकू देणारी ही ठिकाणं गेली, तेव्हा मी वर्तमानपत्राला पत्र लिहून दुःख व्यक्त केलं. 'घेऊ देणारी' असताना मी काय घेतलं होतं, हे पत्रात लिहिलं नाही. २०१७ साली मात्र काळ्या घोड्याला घोडा परत मिळाला. नवा पुतळा, आणि त्यावर स्वार कोणीच नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा मुंबईकरांचा अभिप्राय अखेर शिल्पात उतरला.

हे सगळं नातीला सांगितलं. वहीचा किस्सासुद्धा. ती हसली नाही. तिने फोनवर एक गाणं लावलं. कोल्हापूरकडचा कोणी मुलगा, खोलीत बसून एकट्याने गायलेलं. मागे प्रेशर कुकरची शिट्टीही ऐकू येत होती. खाली आकडा होता, ऐकणारे २१२. म्हणाली, "यातली चाळीस वेळा मीच आहे. मी त्याला लिहिलंय, तुझं गाणं मला आवडलं म्हणून." मी विचारलं, "पण याचं नाव कुठे आलंय का?" आणि जीभ चावली. हेडक्लार्क वारले, पण त्यांचे तीन प्रश्न माझ्याकडे पेन्शनीवर आहेत.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघं काळ्या घोड्यापाशी गेलो. जहांगीरच्या बाहेर, फूटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. आतल्या दालनासाठी नंबर लागायला वर्षं जातात, पोटाला तेवढा धीर नसतो. एका मुलीच्या चित्रापाशी मी थांबलो. ओला रस्ता होता की पत्र्याचं छप्पर, नीट कळत नव्हतं. पण मी पुढे गेलो नि परत आलो. ही खूण मला ठाऊक होती. नातीकडे पाहिलं, ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती. मी त्या मुलीला म्हणालो, "हे मला आवडलं." आवाज जरा चिरकला. पन्नास वर्षं न वापरलेलं वाक्य होतं.

"काय आवडलं, काका?" तिने विचारलं.

"ते अजून कळलेलं नाही. घरी नेऊन बघतो."

घरी हिने चित्र उभं धरलं, आडवं धरलं, उजेडात नेलं. मी तीन प्रश्नांची वाट पाहत उभा होतो. ही म्हणाली, "असं नुसतं कागदासारखं काय आणलंत? कोपरे दुमडतील. उद्या जाऊन चांगली चौकट करून आणा."